काळ्या पडद्याचा तपास

असा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. उन्हाळ्याची सुटी संपून शाळा नुकतीच उघडली आहे. पावसाच्या दोन-चार सरी येऊन गेल्या आहेत. संगणक कक्षाची दारे दीड महिन्यानंतर उघडली आहेत आणि कोपऱ्यातल्या सर्वांत जुन्या संगणकाचे बटण तुम्ही दाबता. पेटीतला पंखा घूं घूं करीत फिरू लागतो. हिरवा दिवा लागतो. पडद्यावर क्षणभर एक लहानशी चौकट उमटते आणि तिच्यात दोनच शब्द दिसतात : ‘नो सिग्नल’. मग पडदा काळाठिक्कर!

“गेला!” एक जण निकाल देतो. “बारा वर्षांचा म्हातारा, कधीतरी जाणारच होता,” दुसरा पुस्ती जोडतो. “भंगारवाल्याला बोलवा,” तिसरा सुचवतो. सर मात्र कपाळाला हात लावून बसतात. कारण याच संगणकात शाळेच्या पर्जन्यमापकाच्या चार वर्षांच्या नोंदी आहेत. दर पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठ वाजता मुलांनी भिजत जाऊन मोजलेला पाऊस! त्या नोंदींची दुसरी प्रत कोठेही नाही.

हा संगणक खरोखरच ‘गेला’ आहे काय? काळ्या पडद्याकडे बघून असा निकाल देणे म्हणजे रुग्ण बोलत नाही म्हणून तो मेला असे ठरवण्यासारखे आहे. चांगला वैद्य आधी नाडी पाहतो, छाती तपासतो, एकेक प्रश्न विचारतो. आपणही तसेच करू या.

पडदा काय सांगतो?

टेबलावर आपल्याला ‘एक संगणक’ दिसतो, पण तेथे खरे म्हणजे दोन स्वतंत्र यंत्रे असतात. एक पडदा, म्हणजे मॉनिटर. दुसरी, जिला सगळे जण सवयीने ‘सीपीयू’ म्हणतात ती पेटी. (खरा सीपीयू, म्हणजे प्रक्रियक, त्या पेटीच्या पोटात असतो. तो जेमतेम बिस्किटाएवढा असतो.) मॉनिटरला विजेची स्वतःची जोडणी असते आणि त्याच्या आत स्वतःचे छोटे मंडलही असते. ‘नो सिग्नल’ ही अक्षरे ते मंडलच पडद्यावर लिहिते. पेटीचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

म्हणजे पाहा, ज्या शब्दांनी आपण घाबरलो त्यांनीच आपल्याला पहिली चांगली बातमी दिली! मॉनिटरला वीज मिळते आहे, त्याच्या मागचा उजेड ठीक आहे, त्याचे मंडल शुद्धीवर आहे. तो इतकेच म्हणतो आहे की, “मी दाराशी उभा आहे, पण पत्र आलेले नाही.”

येथे तीन अवस्थांत गल्लत करू नका. मॉनिटरचा दिवाही लागत नसेल आणि अक्षरेही उमटत नसतील, तर प्रश्न मॉनिटरच्या विजेचा आहे. सुरुवातीला कंपनीचे नाव व काही अक्षरे दिसून नंतर पडदा काळा होत असेल, तर सिग्नल नक्कीच येत होता. मग दोष बहुधा आतल्या आज्ञावलीत किंवा तिच्या मांडणीत असणार. आपला प्रश्न यांपैकी नाही. आपल्याकडे पहिल्या क्षणापासूनच पत्र आलेले नाही.

सिग्नल म्हणजे नेमके काय?

जुन्या संगणकाची निळ्या टोकाची केबल तुम्ही पाहिली असेल. तिच्या टोकाला तीन ओळींत पंधरा पिनांची जागा असते. ही व्हीजीए पद्धत १९८७ मध्ये आयबीएम कंपनीने आणली आणि नंतर ती जगभर पसरली. या केबलमधून चित्र कसे जाते? तीन तारा लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाची तेजस्विता सांगतात. तारेवर शून्य व्होल्ट असेल तर तो रंग अजिबात नाही, आणि सुमारे ०.७ व्होल्ट असेल तर तो रंग पूर्ण तेजाने. टॉर्चच्या एका सेलच्या निम्म्यानेही कमी दाबात सारे रंग सामावलेले असतात!

पण रंग कळले तरी ठिपका कोठे काढायचा हे कसे समजणार? त्यासाठी आणखी दोन तारा असतात. एक तार दर ओळीच्या अखेरीस टिचकी मारते, “नवी ओळ सुरू कर.” दुसरी दर चित्राच्या अखेरीस टिचकी मारते, “आता वरून सुरुवात कर.” व्हीजीएच्या मूळ मांडणीत डोळ्यांना दिसणाऱ्या ओळी ४८० असतात आणि ४५ ओळींएवढा वेळ मोकळा जातो. एकूण झाल्या ५२५. सेकंदाला ६० चित्रे धरली, तर ५२५ × ६० म्हणजे सेकंदाला सुमारे ३१,५०० टिचक्या झाल्या.

मॉनिटर या टिचक्यांचीच वाट पाहत असतो. ठरावीक वेळात त्या ऐकू आल्या नाहीत की तो ‘नो सिग्नल’ लिहितो आणि वीज वाचवण्यासाठी झोपी जातो. एचडीएमआयसारख्या नव्या केबलीत चित्र अंकांच्या रूपात जाते, पण वाट पाहण्याची रीत तीच.

तेव्हा आता प्रश्न नेमका झाला. टिचक्या निघतच नाहीत, की निघतात पण वाटेत हरवतात?

आठ कड्यांची साखळी

भिंतीतील विजेपासून पडद्यावरील चित्रापर्यंतची वाट आपण आठ कड्यांत मांडू : (१) भिंतीतील सॉकेट व वायर, (२) पॉवर सप्लाय, म्हणजे २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहापासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा एकदिश प्रवाह तयार करणारा पत्र्याचा डबा, (३) मदरबोर्ड, (४) प्रक्रियक आणि त्याला पहिले धडे देणारी बायॉस ही चिप, (५) रॅम, म्हणजे कामापुरती स्मृती, (६) चित्र तयार करणारे मंडल, (७) केबल आणि (८) मॉनिटर.

आठांपैकी कोणतीही एक कडी तुटली तरी पडदा काळाच राहणार. मग एकेक कडी बदलत बसायचे काय? तसे केले तर आठ फेऱ्या होतील आणि खिशालाही कात्री लागेल. त्यापेक्षा साखळीच्या मध्यावर चाचणी घ्या. अलीकडची बाजू ठीक निघाली तर दोष पलीकडे. आठातल्या चार कड्या एका चाचणीत निर्दोष सुटल्या! उरलेल्या चारांच्या मध्यावर पुन्हा चाचणी घ्या, म्हणजे दोन उरतील. तिसऱ्या चाचणीत एकच उरेल. शब्दकोशात शब्द शोधताना तुम्ही पहिल्या पानापासून सुरुवात करीत नाही, मधले पान उघडता. ही तीच युक्ती आहे.

या युक्तीला दोन पथ्ये आहेत. पहिले, एका वेळी एकच बदल करायचा. दुसरे, केलेला बदल आणि त्याचा परिणाम लगेच वहीत लिहायचा. हे दुसरे पथ्य किती जुने आहे पाहा. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क दोन’ या संगणकात ९ सप्टेंबर १९४७ रोजी बिघाड झाला. शोधता शोधता एका रिलेत, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या कळीत, अडकलेला पतंग सापडला. तेथील मंडळींनी तो कीटक चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून ठेवला! ती वही आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे. बिघाड दुरुस्त झाला तो दिवस संपला, पण नोंद पाऊणशे वर्षे टिकली.

आधी बाहेर, मग आत

“काखेत कळसा आणि गावाला वळसा” ही म्हण संगणक दुरुस्त करणाऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. पेटीचे स्क्रू काढण्याआधी एवढे पाहा.

मॉनिटरला दोन-तीन प्रकारच्या केबली लावता येत असतील, तर तो नेमक्या कोणत्या दाराशी पत्राची वाट पाहतो आहे? केबल व्हीजीएची आणि मॉनिटर एचडीएमआयच्या दाराशी, असे झाले तर पत्र कधीच मिळणार नाही. मॉनिटरवरचे बटण दाबून दार बदला.

केबलची दोन्ही टोके काढून पाहा. एखादी पिन वाकली आहे का? (एखादी पिन मुळातच नसेल तर घाबरू नका. पुष्कळ केबलींत एक पिन मुद्दामच ठेवलेली नसते.) टोक सरळ बसवून बाजूचे दोन्ही स्क्रू हाताने आवळा.

पेटीच्या मागे चित्राची दोन दारे आहेत का? एक मदरबोर्डवरचे आणि दुसरे वेगळ्या ग्राफिक्स कार्डवरचे? कार्ड बसवले की पुष्कळ संगणकांत मदरबोर्डवरचे दार मुके होते. सुटीत झाडलोट करताना केबल काढली आणि पुन्हा लावताना चुकीच्या दारात लावली, असे नेहमी घडते.

एवढ्याने काम झाले नाही, तर पहिली मोठी चाचणी घ्या. संशयित संगणकाचा मॉनिटर त्याच्याच केबलसह शेजारच्या चालू संगणकाला जोडा. चित्र आले, तर सातवी व आठवी कडी एकदम निर्दोष सुटली. चित्र आले नाही, तर फक्त केबल बदलून पाहा. केबल दोषी की मॉनिटर, ते लगेच कळेल. साखळीचा हा अगदी बरोबर मध्य नाही हे खरे, पण येथे स्क्रूही काढावा लागत नाही. म्हणून पहिला घाव येथेच घालायचा.

समजा, आपल्या शाळेतला मॉनिटर शेजारच्या संगणकावर लख्ख चालला. वहीत लिहा : “मॉनिटर व केबल ठीक. दोष पेटीत.”

पेटी उघडण्यापूर्वी

आता शिक्षकांना बोलवा. पुढचे काम त्यांच्या देखतच करायचे आणि पुढील नियम पाळूनच.

नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. संगणक ‘बंद’ असतानाही मदरबोर्डवर ५ व्होल्टचा पुरवठा जागा असतो. वायर भिंतीतूनच काढा आणि मग पेटीचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. पुढे आत काहीही काढाघालायचे असेल, तर दर वेळी हेच करायचे.

पॉवर सप्लायचा डबा कधीही उघडायचा नाही. आपण २३० व्होल्ट म्हणतो ते एक प्रकारचे सरासरी मूल्य आहे. त्या दाबाचे शिखर २३० × १.४१४, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते आणि तेवढा दाब आतल्या कॅपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही काही काळ साठून राहू शकतो. जुना, पाठ फुगलेला काचेच्या नळीचा मॉनिटर असेल तर तोही उघडायचा नाही. त्याच्या नळीला कित्येक हजार व्होल्टचा दाब लागतो.

तिसरा धोका तुम्हांला नव्हे, संगणकाला आहे. हिवाळ्यात लोकरीचा स्वेटर काढताना तडतड होते ना? ती स्थिर वीज. आपल्या बोटाला तिचा चटका जाणवतो तेव्हा दाब काही हजार व्होल्ट असतो. पण त्याहून पुष्कळ कमी, म्हणजे आपल्याला जाणवणारही नाही अशा ठिणगीनेही नाजूक चिप जायबंदी होऊ शकते. म्हणून आत हात घालण्यापूर्वी पेटीच्या न रंगवलेल्या पत्र्याला हात लावा आणि मधूनमधून लावत राहा. असे केले की तुमचे शरीर आणि पेटी यांच्यात विजेच्या दाबाचा फरक उरत नाही.

संगणकाची तक्रार ऐका

पंखा फिरतो म्हणजे संगणक चालू आहे असे पुष्कळांना वाटते. पंखा फिरतो याचा अर्थ एवढाच की त्याला १२ व्होल्ट मिळतात. श्वास चालू आहे म्हणून माणूस शुद्धीवर आहेच असे नाही.

शुद्ध तपासण्याची एक सोपी युक्ती आहे. कळफलकावरची नम लॉक ही कळ दाबा. दर वेळी तिचा छोटा दिवा लागत-विझत असेल, तर समजा की प्रक्रियक तुमची हाक ऐकतो आहे. मग दोष चित्र तयार करणाऱ्या मंडलाच्या आसपासच असणार. दिवा मख्ख राहिला, तर संगणक सुरुवातीच्याच कोठल्या तरी पायरीवर अडला आहे.

कोठली पायरी? हे सांगण्याची सोय संगणक बनवणाऱ्यांनी फार पूर्वीच करून ठेवली आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला. बटण दाबताच तो प्रथम स्वतःचीच परीक्षा घेई. या स्वयंचाचणीला ‘पोस्ट’ म्हणतात. पण परीक्षेत नापास झाल्याचे सांगायचे कोठे? पडद्यावर? पडदा चालू करणारे मंडलच बिघडले असेल तर? म्हणून आवाजाचा मार्ग निवडला. सगळे ठीक असेल तर एकदाच आखूड ‘बीप’. काही बिघाड असेल तर आखूड-लांब आवाजांची सांकेतिक रचना. पुढे इतर कंपन्यांनीही ही पद्धत उचलली. संकेत मात्र प्रत्येकाचे वेगळे असतात. पुष्कळ संगणकांत लांब बीप पुन्हा पुन्हा वाजला तर रॅमची तक्रार असते आणि एका लांब बीपनंतर दोन किंवा तीन आखूड वाजले तर चित्राच्या मंडलाची. नेमका अर्थ त्या त्या मदरबोर्डच्या पुस्तिकेत पाहावा.

आता आपल्या शाळेच्या संगणकाकडे येऊ. तो काहीच वाजला नाही. का बरे? पेटी उघडून पाहिले तर काय, आत स्पीकरच जोडलेला नाही! पुष्कळ पेट्यांत असेच असते. मदरबोर्डच्या कडेला चार पिनांची एक जागा असते. तिच्यावर नखाएवढा बझर बसवायचा. संगणक दुरुस्तीच्या दुकानात तो अगदी स्वस्तात मिळतो. तो बसवला, वायर पुन्हा लावली, बटण दाबले आणि... बीऽऽप! थोडे थांबून पुन्हा बीऽऽप!

हा आवाज ऐकून सरांचा चेहरा उजळला तर नवल वाटायला नको. तक्रार करणारा संगणक मेलेला नसतो. तक्रार करायला प्रक्रियक, बायॉस आणि वीज, सारे जिवंत असावे लागते. बिचारा दोन दिवस ओरडत होता. त्याला तोंडच नव्हते!

आणि बझर बसवूनही पेटी गप्प राहिली असती तर? तर (वायर काढून) रॅमच्या सगळ्या पट्ट्या काढून टाकायच्या आणि रॅमशिवाय संगणक सुरू करायचा. आता त्याने लांब बीप दिले, तर पहिल्या चार कड्या शाबूत आहेत. दोष रॅम किंवा चित्राच्या मंडलात शोधायचा. तरीही तो गप्प राहिला, तर पॉवर सप्लाय, मदरबोर्ड किंवा प्रक्रियक यांच्यात. साखळीचे पुन्हा दोन भाग झाले, पाहा!

दोनशे चाळीस सोनेरी पट्ट्या

आपल्या संगणकाने रॅमकडे बोट दाखवले आहे. रॅमची पट्टी बोटाएवढ्या रुंदीची, कडेला चमकणाऱ्या सोनेरी रेघा असलेली. जुन्या डीडीआर-२ आणि डीडीआर-३ या दोन्ही प्रकारांत अशा रेघा २४० असतात, १२० एका बाजूला आणि १२० दुसऱ्या बाजूला. मात्र कडेची खाच वेगळ्या जागी असल्याने एका प्रकारची पट्टी दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. रेघांवर सोन्याचा अतिशय पातळ थर असतो, कारण सोने सहजासहजी गंजत नाही. पण धूळ, दमट हवा आणि आपल्या बोटांचा घाम यांचा पापुद्रा त्यावर बसतोच. शिवाय संगणक तापतो, निवतो, पुन्हा तापतो. दर वेळी धातू व प्लॅस्टिक किंचित प्रसरण-आकुंचन पावतात आणि वर्षानुवर्षांनी पट्टी केसभर सरकते. २४० जागांपैकी एकाच महत्त्वाच्या जागी स्पर्श तुटला, तरी संगणक पहिल्या परीक्षेतच नापास! दीड महिना बंद खोलीत राहिलेल्या, जूनची दमट हवा खाल्लेल्या संगणकाचे असे होण्यात आश्चर्य ते काय?

आता पथ्य आठवा : एका वेळी एकच बदल. समजा, पेटीत रॅमच्या दोन पट्ट्या आहेत. त्यांना खुणेसाठी ‘अ’ आणि ‘ब’ म्हणू. वायर काढा. स्लॉटच्या टोकांच्या चापा बाहेर ढकला आणि ‘अ’ काढून ठेवा. केवळ ‘ब’वर संगणक सुरू करा. एकच आखूड बीप, आणि पडद्यावर अक्षरे! म्हणजे ‘ब’ ठीक, चित्राचे मंडलही ठीक. संशय ‘अ’वर किंवा तिच्या स्लॉटवर. आता ‘अ’ न पुसता पुन्हा घट्ट बसवून पाहा. बीप लांबच आला, तर नुसते बसवणे सैल नव्हते. मग तिच्या सोनेरी रेघा मऊ, स्वच्छ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब घेऊन पुसा. ते नसेल तर मऊ, पांढरे खोडरबर अगदी हलक्या हाताने एक-दोनदा फिरवा. जोर लावला तर सोन्याचाच थर खरवडला जाईल. कण झटकून, खाच जुळवून पट्टी सरळ खाली दाबा. दोन्ही चापांचा ‘टक्’ आवाज आला पाहिजे.

पुन्हा बटण. एक आखूड बीप. पडदा उजळला!

दोन्ही पट्ट्या एकदम काढून, पुसून, बसवल्या असत्या तरी संगणक सुरू झाला असता, नाही का? झाला असता. पण दोष कोणता होता हे तुम्हांला कधीच कळले नसते आणि पुढच्या जूनमध्ये तुम्ही पुन्हा अंधारातच चाचपडला असता.

इतर संशयित

प्रत्येक वेळी गुन्हेगार रॅमच असेल असे नाही. मदरबोर्डवर नाण्यासारखा एक घट असतो. त्यावर ‘सीआर २०३२’ असे लिहिलेले असते. या अंकांत त्याचे माप दडले आहे : २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. हा ३ व्होल्टचा लिथियम घट संगणकाचे घड्याळ चालू ठेवतो आणि मांडणीची माहिती जपतो. संगणकाची तारीख वारंवार मागे जात असेल, तर तो संपत आला आहे. मांडणीत गोंधळ झाल्यानेही पडदा काळा राहू शकतो. वायर काढून हा घट काही मिनिटे बाहेर ठेवला, की मांडणी पुष्कळदा मूळपदावर येते. काढलेला घट लहान भावंडांच्या हाती मात्र पडू देऊ नका. तो गिळला गेला तर अन्ननलिकेला गंभीर इजा होते.

मदरबोर्डवरच्या उभ्या नळकांड्यांकडेही पाहा. ते कॅपॅसिटर. त्यांची टोपी सपाट असावी. ती फुगलेली किंवा तिच्यातून तपकिरी राळ आलेली दिसली, तर कॅपॅसिटर बाद. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष द्रव भरलेले असे कॅपॅसिटर जगभरच्या असंख्य मदरबोर्डांत बसले आणि अकाली फुगले. हे काम डाख देण्याची सवय असलेल्या कारागिराचे. पॉवर सप्लायवर संशय असेल, तर तो उघडायचा नाही, दुसरा चांगला लावून पाहायचा.

आणि मदरबोर्डच गेला असेल तर? तरीही पावसाच्या नोंदी गेल्या असे समजू नका! त्या हार्ड डिस्कवर असतात आणि काळ्या पडद्याशी हार्ड डिस्कचा संबंध नसतो. ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की नोंदी वाचता येतात. भंगारात देण्याची घाई झाली असती, तर हरवले असते ते हेच. शेवटी संगणक टाकावाच लागला, तरी तो जाळू किंवा फोडू नये. जुन्या डाखात शिसे असते. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून देशात लागू आहेत. त्यांनुसार तो नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच जायला हवा.

आपला संगणक सुरू झाला आहे. आता पहिले काम कोणते? खेळ नव्हे! चार वर्षांच्या नोंदींची एक प्रत दुसऱ्या संगणकावर, एक पेनड्राइव्हवर आणि मुख्य आकडे शाळेच्या वहीत. आज वाचलेला संगणक उद्या खरोखर जाऊ शकतो. त्या दिवशी पाऊस वाहून जाता कामा नये.

करून पहा

दोन सेल, टॉर्चचा एक छोटा बल्ब आणि वायरचे आठ तुकडे घ्या. आठही तुकडे एकापुढे एक जोडून त्यांचे पहिले टोक सेलच्या धन टोकाला लावा. बल्बची एक वायर सेलच्या ऋण टोकाला जोडा आणि दुसरी हातात मोकळी ठेवा. आता शिक्षकांनी तुमच्या नकळत एका तुकड्याच्या आतली तार तोडावी. वरचे आवरण तसेच राहू द्यावे. मोकळी वायर ज्या सांध्याला लावाल, तेथपर्यंतची वाट शाबूत असेल तर बल्ब लागेल. पहिली चाचणी चौथ्या तुकड्याच्या शेवटी घ्या. तीनच चाचण्यांत तुटका तुकडा सापडतो की नाही पाहा.

आणि जाता जाता एक प्रश्न. तुकडे आठाऐवजी चौसष्ट असते, तर किती चाचण्या लागल्या असत्या? चोवीस? बत्तीस? कागद-पेन्सिल घ्या आणि दर वेळी निम्मे करीत जा. उत्तर तुमच्या एका हाताच्या बोटांपेक्षा फक्त एकाने जास्त आहे.